हवा आत गेली, पण पोचली कुठे?

यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत हिवाळ्यातल्या सकाळी थोडा वेळ थांबले, तर एक वाक्य हमखास कानावर पडते: ‘दम लागते जी.’ सांगणारा कधी साठीतला विडी ओढणारा शेतकरी असतो, कधी पऱ्हाट्या-तुराट्यांच्या चुलीपुढे हयात घालवलेली बाई, कधी क्षयरोगातून बरा झालेला पण फुप्फुसे अधू झालेला माणूस, तर कधी वणीकडच्या कोळसा खाणीत किंवा राजूरच्या चुनाभट्टीवर राबलेला कामगार. अशा वेळी कारण शोधायला डॉक्टरला फार लांब जावे लागत नाही. पुष्कळदा त्या कारणाचा वास रुग्णाच्या कपड्यांनाच येत असतो.

पण समजा, समोर अडतीस वर्षांचा माणूस बसला आहे. विडी नाही, तंबाखू नाही. घरात गॅस येऊन बरीच वर्षे झालेली. चारेक वर्षांपासून चढावावर दम लागतो, आता सपाटीवरही लागू लागला आहे. कोणी दमा म्हणून पंप दिला, कोणी क्षयाची शंका घेऊन थुंकी तपासली. ती दोनदा स्वच्छ निघाली. एक्स-रेत फुप्फुसांचा खालचा भाग नको तितका काळा, म्हणजे हवेने फुगलेला दिसतो. घरच्यांबद्दल विचारल्यावर तो सांगतो की थोरला भाऊ चाळिशीतच ‘पोटात पाणी होऊन’ गेला, आणि त्याने दारूला कधी हात लावला नव्हता. धाकटा भाऊ तिशीत आहे, जिनिंगमध्ये कामाला जातो, धडधाकट आहे.

एका भावाचे यकृत आणि दुसऱ्याचे फुप्फुस. वरवर पाहता दोन वेगळे आजार, पण ते एकाच जनुकातून आलेले असू शकतात. जन्मजात कारणाने होणारा एम्फिसेमा आपल्याकडे दुर्मीळ आहे, हे आधीच सांगितलेले बरे. तरीही तो समजून घेण्यासारखा आहे, कारण सगळ्याच प्रकारच्या एम्फिसेमात फुप्फुसाच्या आत काय बिघडते आणि नेहमीच्या तपासणीला ते का दिसत नाही, हे या आजाराने फार स्वच्छ दाखवले.

विदर्भातल्या वाचकाला या आजाराकडे जायची एक ओळखीची वाट आहे. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हवे असते, तिथे व्हॅलिन येऊन बसते. एवढ्या एका अदलाबदलीने हिमोग्लोबिनचे रेणू ऑक्सिजन कमी पडला की एकमेकांना चिकटतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. आनुवंशिक एम्फिसेमातही चूक तशीच एका जागेची. यकृतात ‘अल्फा-१ अँटिट्रिप्सिन’ नावाचे प्रथिन तयार होते. त्यात ३४२व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन आले की त्याला ‘झेड’ प्रकार म्हणतात. हे रेणूही एकमेकांत अडकतात, पण ते अडकतात यकृताच्या पेशीतच. माल गोदामातच कुजतो आणि बाजारात टंचाई होते, तसा हा प्रकार. आई आणि वडील दोघांकडूनही झेड जनुक आले असेल, तर रक्तात हे प्रथिन नेहमीच्या जेमतेम दहा-पंधरा टक्केच पोचते. साचलेल्या प्रथिनाने यकृत बिघडते, न पोचलेल्या प्रथिनाने फुप्फुस.

याचा शोधही सिकलसेलच्या निदानात वापरतात त्याच तंत्राने लागला. स्वीडनमधल्या माल्मो शहरात कार्ल-बर्टिल लॉरेल रक्तद्रवातली प्रथिने इलेक्ट्रोफोरेसिसने वेगळी करून पाहत असत. सुमारे दीड हजार पट्ट्यांपैकी पाचांवर एक ठरावीक पट्टा जवळजवळ नव्हताच. स्टेन एरिक्सन या तरुण डॉक्टरला घेऊन त्यांनी त्या पाच जणांचा माग काढला, तर त्यांतल्या तिघांना एम्फिसेमा होता. १९६३ साली हे प्रसिद्ध झाले. तोवर एम्फिसेमा म्हणजे धुराने आणि वयाने झिजलेले फुप्फुस, एवढीच समजूत होती.

या प्रथिनाचे फुप्फुसातले काम वेसणीचे आहे. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी इलास्टेज नावाचे विकर सोडतात. ते जंतूंच्या नाशाला उपयोगी, पण मोकाट सुटले तर फुप्फुसाचा स्वतःचा रबरी धागा, म्हणजे इलास्टिन, खाऊन टाकते. अल्फा-१ अँटिट्रिप्सिन त्याला आवरून धरते. वेसणच नसेल तर वर्षानुवर्षे धागे तुटत राहतात. त्यात विडी-सिगारेट असेल तर दुहेरी घात होतो: धुरामुळे पांढऱ्या पेशी जास्त गोळा होतात, आणि जे थोडे प्रथिन पोचलेले असते त्याच्या नेमक्या कामाच्या जागेवरच धुरातली रसायने हल्ला करून ते निकामी करतात. हेच जनुक असलेल्या दोघांपैकी विडी ओढणारा पस्तिशी-चाळिशीत धापा टाकू लागतो आणि न ओढणारा कित्येकदा म्हातारपणापर्यंत ठीक राहतो, तो यामुळे.

धागे तुटले की काय होते? नवा फुगा फुंकून सोडला तर आपोआप रिकामा होतो. प्लॅस्टिकची पिशवी फुगवली तर ती तशीच राहते, हवा दाबून काढावी लागते. एम्फिसेमात फुप्फुसाचे काही भाग फुग्याचे पिशवी होतात. दुसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. दोन मिलिमीटरहून बारीक श्वासनलिकांना स्वतःचा कणा नसतो. आजूबाजूच्या वायुकोशांच्या भिंती त्यांना चहूबाजूंनी ताणून उघड्या ठेवतात, जसे मांडवाला दोर. दोर तुटले की मांडव बसतो, तशा या नळ्या श्वास सोडताना मिटतात आणि पलीकडची हवा अडकते.

मात्र हे सगळीकडे एकसारखे होत नाही. एका भागाचे दोर तुटलेले, शेजारचा अजून शाबूत. त्यामुळे प्रत्येक श्वासातली ताजी हवा सोप्या वाटेने चांगल्या भागात धावते आणि बिघडलेल्या भागात जुनी, वापरलेली हवा घोळत राहते. रक्त मात्र दोन्हीकडे जाते. बिघडलेल्या भागातून फिरून आलेले रक्त ऑक्सिजन न घेताच परततें, आणि चांगला भाग कितीही राबला तरी ती तूट पुरी भरून निघत नाही.

इथेच नेहमीच्या तपासणीची मर्यादा येते. स्पायरोमेट्रीत रुग्ण पूर्ण श्वास भरून जोरात फुंकतो. यंत्र मुख्यतः दोन आकडे देते: एकूण किती हवा बाहेर आली आणि त्यातली पहिल्या सेकंदात किती. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागून उत्तर ०.७०पेक्षा कमी आले की नळ्यांमध्ये अडथळा आहे असे धरतात. तपासणी स्वस्त, सोपी, भरवशाची आहे. खरे तर तीही जितक्या रुग्णांची व्हायला हवी तितक्यांची होत नाही. पण ती सांगते सगळ्या फुप्फुसाची बेरीज. कालव्याच्या मुखाशी किती पाणी सुटले याची नोंद अचूक असू शकते; म्हणून टेलच्या शेतकऱ्याच्या वावरात पाणी पोचले असे होत नाही. बेरीज आणि वाटप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शिवाय बारीक नळ्या संख्येने इतक्या प्रचंड आहेत की सगळ्या मिळून फुप्फुसातल्या एकूण अडथळ्यात त्यांचा वाटा फार थोडा असतो. त्यांतल्या कितीतरी बाद झाल्या तरी फुंकरीच्या आकड्यात फारसा फरक पडत नाही. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ जेरे मीड यांनी १९७० साली या भागाला फुप्फुसाचा ‘शांत प्रदेश’ म्हटले होते. आजार तिथे सुरू होतो, आणि तिथून आवाज येत नाही.

मग वाटप मोजायचे कसे? कल्पना घरगुती आहे. स्वयंपाकघरात मिरचीची फोडणी जळली की ठसका साऱ्या घरात भरतो. दारे-खिडक्या उघडल्या की बैठकीतला वास पाच मिनिटांत जातो, पण आतल्या कोठीत तो तासभर रेंगाळतो. घर एकच, वारा तोच, पण ज्या खोलीत वारा पोचत नाही ती वासावरून कळते. फुप्फुसात हा ‘वास’ म्हणजे नायट्रोजन. आपल्या हवेत तो सुमारे ७८ टक्के असतो, म्हणून प्रत्येकाच्या फुप्फुसात तो आधीपासून भरलेलाच असतो. वेगळे काही घालावे लागत नाही. रुग्णाच्या नाकाला चिमटा लावतात, तोंडात नळी देतात आणि शुद्ध ऑक्सिजनवर नेहमीसारखा संथ श्वास घ्यायला सांगतात. जोर लावायचा नाही, फुंकायचे नाही. प्रत्येक उच्छ्वासाबरोबर नायट्रोजन धुऊन बाहेर पडतो. त्याचे प्रमाण सुरुवातीच्या एक चाळीसांश झाले, म्हणजे साधारण दोन टक्क्यांवर आले, की चाचणी संपते.

तोवर एकूण किती हवा बाहेर टाकावी लागली, त्याला संथ श्वासाच्या शेवटी फुप्फुसात उरणाऱ्या हवेच्या आकारमानाने भागतात. या आकड्याला लंग क्लिअरन्स इंडेक्स म्हणतात; मराठीत ‘फुप्फुस-धुलाईचा आकडा’ म्हणायला हरकत नाही. फुप्फुस म्हणजे एकच साधी घागर असती आणि वाटेत कुठे हवा वाया जात नसती, तर हा आकडा पावणेचारच्या आसपास आला असता. प्रत्यक्षात घसा आणि मोठ्या नळ्यांमधली हवा नुसती ये-जा करते, आणि निरोगी फुप्फुसातही वाटप अगदी सारखे नसते. म्हणून धडधाकट प्रौढाचा आकडा साधारण सहा-सात येतो. फुप्फुसात उरणारी हवा तीन लिटर धरली, तर सातच्या हिशोबाने २१ लिटर हवेत धुलाई होते. ज्याचा आकडा १२ आहे, त्याला त्याच तीन लिटरसाठी ३६ लिटर लागतात. तो माणूस खुर्चीत बसल्या बसल्या दिवसभर ही जादाची मेहनत करत असतो, आणि नातेवाईक म्हणतात, ‘काही कामच होत नाही याच्याकडून.’

कल्पना नवी नाही. वॉर्ड फाउलर यांनी १९४९ साली ऑक्सिजनचा एकच मोठा श्वास देऊन, सावकाश सोडलेल्या उच्छ्वासात नायट्रोजन कसा चढत जातो ते मोजले आणि असमान वाटप आकड्यात पकडले. १९५२ साली मार्गारेट बेकलेक यांनी अनेक श्वासांच्या धुलाईतून वरचा निर्देशांक मांडला. त्या दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गला खाणकामगारांच्या फुप्फुसांवर काम करत होत्या. धुळीत राबणाऱ्या माणसाला दम लागतो म्हणून तो सांगतो आणि फुंकरीचा आकडा मात्र बरा येतो, हा पेच खाणपट्ट्यातल्या कुठल्याही डॉक्टरला ओळखीचा वाटेल. पुढे ही पद्धत जवळपास विस्मरणात गेली. सिस्टिक फायब्रोसिसच्या लहान मुलांना जोरात फुंकणे जमत नाही, म्हणून त्यांच्यासाठी ती गेल्या काही दशकांत पुन्हा बाहेर निघाली.

जन्मजात एम्फिसेमात या मोजणीला खास अर्थ आहे. विडीच्या धुराने होणारा एम्फिसेमा बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात सुरू होतो. हा खालून पोखरतो. आणि खालचा भागच तर सर्वांत कामाचा. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात जॉन वेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या सुमारास सायक्लोट्रॉनमध्ये तयार केलेले अल्पायुषी किरणोत्सारी वायू वापरून दाखवले की उभ्या माणसात फुप्फुसाच्या तळाशी रक्त आणि हवा दोन्ही शेंड्यापेक्षा जास्त जातात. जिथे रक्त जास्त, तिथे रक्तातून येणाऱ्या पांढऱ्या पेशीही जास्त. तळ आधी का झिजतो याचे एक पटणारे स्पष्टीकरण हेच आहे. म्हणजे नुकसान अशा ठिकाणी होते, जिथे वाटप चुकले की सर्वांत जास्त भोवते.

या आकड्याच्या मर्यादाही आहेत. तो वाढलेला दिसला म्हणून आजार कोणता ते कळत नाही; दम्यात, सिस्टिक फायब्रोसिसमध्ये, धूम्रपान करणाऱ्यातही तो वाढतो. जे भाग पूर्ण बंद पडले आहेत तिथला नायट्रोजन बाहेर येतच नाही, त्यामुळे फार वाढलेल्या आजारात आकडा परिस्थितीपेक्षा बरा दिसू शकतो. कोठीचे दार कुलूपबंद असेल तर तिथला ठसका बैठकीत कसा कळणार? २०२१ साली तर सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका यंत्राच्या संगणकप्रणालीतच चूक सापडली आणि जुने आकडे फुगलेले होते असे ठरले. म्हणून आकड्याच्या जोडीला चित्र लागते. सीटी स्कॅनवर फुप्फुसाची घनता मोजता येते. झेनॉन वायू हुंगवून एमआरआयवर हवा प्रत्यक्ष कुठे पोचली ते पाहता येते. त्याला अमेरिकेत डिसेंबर २०२२मध्ये मान्यता मिळाली.

काय मोजतो यावर कधी कधी औषधाचे नशीब ठरते. निरोगी रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून हे प्रथिन काढून रुग्णाला दर आठवड्याला शिरेतून देण्याचा उपचार अमेरिकेत १९८७पासून आहे. तो खरेच उपयोगी पडतो का, यावर वर्षानुवर्षे वाद चालला, कारण फुंकरीचा आकडा फार हळू बदलतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रॅपिड’ चाचणीत १८० रुग्णांना दोन वर्षे प्रथिन किंवा खोटे औषध दिले गेले. स्पायरोमेट्रीत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. सीटीवर पूर्ण श्वास भरून मोजलेली घनता मात्र औषध घेणाऱ्यांमध्ये वर्षाला लिटरमागे १.४५ ग्रॅमने घटली, न घेणाऱ्यांमध्ये २.१९ ग्रॅमने. फुप्फुस विरत जाण्याचा वेग कमी झाला होता; नुसत्या फुंकरीवर विसंबले असते तर ते कळलेच नसते. हा उपचार महागडा आहे, सामान्य कुटुंबाच्या आवाक्यापलीकडचा, आणि तुटलेले धागे तो परत जोडत नाही.

यवतमाळच्या त्या अडतीस वर्षांच्या माणसाचे काय? नायट्रोजन धुलाईची यंत्रे आजही मुख्यतः संशोधन केंद्रांत आणि मोजक्या मोठ्या रुग्णालयांत असतात. त्याला तिथे पाठवण्याचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. त्याच्यासाठी स्पायरोमेट्री, फुप्फुसाच्या तळाकडे मुद्दाम पाहून केलेला सीटी स्कॅन आणि रक्तातल्या अल्फा-१ अँटिट्रिप्सिनची एक तपासणी पुरते. तिचा नमुना मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवता येतो, आणि ती आयुष्यात बहुधा एकदाच करावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ सालीच सुचवले होते की सीओपीडीच्या प्रत्येक रुग्णाची ही तपासणी एकदा तरी व्हावी. लॅन्सेट ग्लोबल हेल्थमधल्या अंदाजानुसार २०१६ साली भारतात सीओपीडीचे साडेपाच कोटी रुग्ण होते. एवढ्यांची तपासणी होणे नाही, आणि झेड जनुक मुख्यतः उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत आढळते हे पाहता तसा हट्टही नको. आपल्याकडे चूल, विडी, धूळ आणि क्षय हीच मोठी कारणे आहेत. पण पंचेचाळिशीच्या आत एम्फिसेमा झालेला, धूर न ओढलेला, तळाचे फुप्फुस विरलेला, किंवा घरात दारूशिवाय यकृत बिघडल्याची नोंद असलेला रुग्ण ‘दमा’ या एका शब्दात गुंडाळला जाऊ नये. आपल्याकडे हा आजार कमी सापडतो, त्याला तो कमी शोधला जातो हेही एक कारण आहे.

या तपासणीचा सर्वांत मोठा लाभ मात्र त्या रुग्णाला नाही, त्याच्या धाकट्या भावाला आहे. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजाराचे जनुक जोडीने मिळण्याची शक्यता चारात एक. सिकलसेलचे समुपदेशन ज्यांनी ऐकले आहे त्यांना हे गणित पाठ असते. तिशीतल्या धाकट्याची फुंकर आज ठणठणीत येईल. शांत प्रदेशात काय चालले आहे ते तिला कळणार नाही. पण रक्ताचा निकाल हातात असेल तर तो विडीच्या वाटेला जाणार नाही, जिनिंगच्या धुळीतले काम बदलून मागू शकेल, नाही मिळाले तर निदान चांगला मास्क लावेल, दारू टाळेल, फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशी घेईल. स्वीडनमध्ये १९७२ ते १९७४ या काळात दोन लाख नवजात बालकांची ही तपासणी झाली. सुमारे सोळाशेंमागे एकात दोष निघाला. त्यांच्या आई-वडिलांना धुरापासून जपायला सांगितले गेले. ती मुले मोठी झाली तेव्हा त्यांतले बहुतेक जण धूम्रपानापासून दूर राहिलेले होते.

तपासणीसाठी जाताना जुने एक्स-रे आणि सगळे कागद सोबत न्यावेत. घरातल्या कोणाला लहानपणी लांबलेली कावीळ होती का, कोणाचे पोट पाण्याने फुगले होते का, हे आठवून सांगावे. ताप किंवा छातीचा संसर्ग असताना हे प्रथिन रक्तात तात्पुरते वाढते आणि कमतरता झाकली जाऊ शकते. म्हणून नमुना संसर्ग बरा झाल्यावर द्यावा; घाई असेल तर सोबत सीआरपीही पाहावे. निकाल कमी आला, तर त्याच कागदाच्या पाठीमागे भावंडांची नावे आणि वये लिहून घ्यायची असतात.